पंडितच्या शटरचा टेकू

मी टेकू बोलतोय. शिंदखेड्याच्या चौफुलीवर पंडितचं गॅरेज आहे ना, निळ्या शटरचं, त्याच्या आत मी राहतो. दिवसा भिंतीला टेकून उभा असतो. संध्याकाळी शटर खाली आलं की शटर मला टेकून उभं असतं.

माझं रूप काही सांगण्यासारखं नाही. मुठीत मावेल न मावेल असा जाड लोखंडी पाइप. खालून थोडा गंजलेला, वर आरपार एक भोक. रस्त्यानं जाणाऱ्याला शटर दिसतं, त्यावरचं 'सर्व प्रकारची ट्रॅक्टर व मोटारसायकल दुरुस्ती' दिसतं, मी दिसत नाही. चांगल्या टेकूनं दिसूच नये. मध्ये एकदा मला दिसायची संधी मिळाली होती. साऱ्या चौफुलीनं मला पाहिलं. त्याचं काय झालं ते सांगतो.

मी कारखान्यात जन्मलो, पण तिथलं काही आठवत नाही. तिथे सगळेच माझ्यासारखे होते. आठवतं ते पुढचं. गावाबाहेर पाण्याची बोअर घेतली आणि पाण्याच्या मोटारीला धरून ठेवण्यासाठी मला जमिनीच्या पोटात सोडलं. त्या दिवशी जीवराम आबा आले होते. आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कुठल्या पदावर आहेत ते कुणाला नक्की माहीत नाही, पण पद येणार आहे असं सगळे सांगतात. आबांनी नारळ फोडला, बटण दाबलं, पाणी आलं, फोटो निघाला. मग आबा गेले आणि काही दिवसांनी पाणीही गेलं.

कोरड्या बोअरमध्ये मी बराच काळ लटकत होतो. तिथे अंधार होता, शांत होतं. वारा नावाची गोष्ट जगात असते हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. पुढे कुणीतरी मला वर ओढून काढलं, धुळ्याला भंगारवाल्याकडे नेऊन टाकलं आणि तिथून पंडितनं मला उचललं.

पंडित गॅरेजवाला. तिशीतला, बुटका, रुंद खांद्यांचा. बोलणं कमी. ट्रॅक्टरचं इंजिन ऐकताना तो डोळे मिटायचा, आणि लोकांना वाटायचं झोपला. गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत त्याचं घर होतं. घरात बायको मेघा आणि धाकटा भाऊ ललित. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ललितला पंडितनंच वाढवलं. ललितनं आणि शाळेनं नववीत एकमेकांना सोडलं आणि दोघांनाही बरं वाटलं. पोरगा हाताचा चांगला, डोक्याचा गरम. पाना मागितला तर पुरतं ऐकायच्या आधी पळायचा, आणि तिथे पोचल्यावर विचारायचा, कोणता.

मला टेकू हे नाव दिलं मेघाच्या वडिलांनी, नथ्थूनानांनी. नाना यावलचे, केळीवाले. लेकीला भेटायला आले असताना एका संध्याकाळी वारा सुटला. गॅरेजचं शटर रुंद, ट्रॅक्टर आत यावा म्हणून केलेलं. वाऱ्यानं त्याचं पोट आत यायला लागलं. पट्ट्या कडकड वाजत होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या खाचांतून त्या आता सुटतात की मग, असं झालं होतं. पंडित आणि ललित आतून पाठ लावून उभे राहिले. नाना खाटेवर बसून बघत होते.

वारा पडल्यावर नाना म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडे घड लागला का केळीले टेकू देता. वारं आल्यावर बागेत कोणी पाठ लाऊन उभं नाही राहत."

पंडितनं पाठीची धूळ झटकली. दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेला आणि मला घेऊन आला.

त्यानं मला मापात कापलं. शटरच्या मागे बरोबर मध्यावर फरशीत एक खळगा केला, वर तुळईला लोखंडी कडी बसवली. माझा पाय खळग्यात, डोकं कडीत, भोकातून एक बोल्ट. माझ्या आणि शटरच्या मध्ये कडुलिंबाची फळी, आणि फळीला जुन्या ट्यूबचं रबर, वाजू नये म्हणून. माझा अर्धा तुकडा उरला. तो पंडितनं कुणाला तरी गोठ्याच्या दारासाठी दिला. तो सुखी आहे म्हणतात. त्याच्याकडे कुणी फोटो काढायला येत नाही.

चौफुलीला मोठी गंमत वाटली. शेजारी वच्छलाबाईचं चहाचं दुकान आहे. तिथे बसणाऱ्यांना बाकी काही काम नसतं.

"पंडित, शटरले कितवा महिना शे?" कुणीतरी विचारायचं.

"पोट वाढी ऱ्हायनं म्हनीसन टेकू लावा त्यानी," वच्छलाबाई कपबशा धुताधुता म्हणायची. "आते डोहाळजेवन करा."

पंडित हसायचा. एकदाच तो समजावायला गेला. "वच्छलाअक्का, शटर गयं तं वारा आत घुसस. आत घुसना म्हंजे मंग वरला पत्रा उचलस. शटर वाचनं तं बठ्ठं वाचनं."

"हा, हा," लोक म्हणाले आणि दुसरा चहा मागवला.

शटर वाचलं तर सगळं वाचलं, हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी त्या घराचा एवढा मोठा माणूस आहे हे मला त्या दिवशी कळलं. दोन उन्हाळे मी उभा राहिलो. वारा यायचा, शटर माझ्यावर रेलायचं, मी फरशीवर रेलायचो, फरशी जमिनीवर. पंडित मागे निवांत जेवत बसायचा. आतून ललितचा आवाज यायचा, "भाऊ, वारा." आणि पंडितचा, "टेकू शे ना. जेव."

आता माणसांच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे. बोअरच्या तळात राहून मला ती कधी कळली नसती.

माणसाला स्वतःचा चेहरा बघायला आरसा पुरत नाही. त्याला तो चौकात, ट्रॅक्टरच्या चाकाएवढा, इतरांच्या डोक्यावर बघायचा असतो. त्यासाठी फ्लेक्स असतो. फ्लेक्सवर मधोमध पुढारी. त्याच्या वर आणखी मोठे पुढारी, देवाच्या जागी. खाली शुभेच्छुक, रांगेत, जो जेवढा जवळचा त्याचा चेहरा तेवढा मोठा. अगदी खालच्या रांगेत चेहरे सुपारीएवढे होतात, पण त्या रांगेसाठीच सगळ्यात जास्त भांडणं असतात. फ्लेक्स उभा करायला दहा माणसं येतात. उतरवायला कुणी येत नाही. तो वाऱ्यानं फाटून जाईपर्यंत शुभेच्छा देत राहतो.

जीवराम आबांचा वाढदिवस आला. झुलाल हा आबांचा कार्यकर्ता. आबांचे फ्लेक्स तोच लावतो. यंदा फ्लेक्स नेहमीपेक्षा मोठा होता, कारण पद नेहमीपेक्षा जवळ आलं होतं. सांगाड्याला एक पाइप कमी पडत होता. झुलाल गॅरेजमध्ये आला. पंडित तेव्हा धुळ्याला पार्ट आणायला गेला होता. ललित एकटा होता.

"ललित भो, तो पाइप दे ना," झुलाल म्हणाला. "दोन दिनमा परत."

"भाऊले इचारनं पडी."

"इचार ना. कोन नही म्हनस?" झुलाल दाराला टेकला. "पन फ्लेक्स आतेच छापाले जाई ऱ्हायना. तुना फोटो टाकाना व्हता, आबानी डावी बाजूले. राहू दे मंग."

ललितनं हातातला पाना खाली ठेवला. "डावी बाजूले?"

"दुसरी रांगमा."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. दुसरी रांग म्हणजे सुपारीच्या वरची. लिंबाएवढा चेहरा. ललितनं खिशातून मोबाइल काढला आणि फोटो शोधायला लागला. त्यानं कुणाच्या तरी लग्नातला फोटो दिला. काळा चष्मा, केस वर उभे. फोटोत शेजारी पंडित होता, भावाच्या खांद्यावर हात टाकून उभा. झुलाल म्हणाला, भाऊले कापी टाकसूत, चिंता नको.

मला त्याच दुपारी खांद्यावर टाकून नेलं.

चौफुलीवर, गॅरेजच्या बरोबर समोर, मला उभं केलं. तारेनं आवळलं. तार पिळून पिळून बांधली, पक्कडीनं. मग माझ्या अंगावर आबा चढवले. हसरे, हात जोडलेले, कपाळावर टिळा. पहिल्यांदा मी उजेडात, साऱ्या लोकांसमोर उभा होतो. खरं सांगायचं तर पहिला दिवस बरा वाटला. समोर निळं शटर होतं. ते बाहेरून कसं दिसतं हे मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

संध्याकाळी पंडित आला. गॅरेजमध्ये गेला, आणि लगेच बाहेर आला.

"ललित, टेकू कोठे शे?"

ललितनं समोर बोट केलं. पंडितनं वर पाहिलं. आबांना पाहिलं, मग डाव्या बाजूला दुसऱ्या रांगेत भावाला पाहिलं. चष्म्यातला ललित, उभे केस, आणि त्याच्या खांद्यावर एक हात. माणूस कापला होता, पण हात राहून गेला होता. मनगटावर पंडितचं घड्याळ स्पष्ट दिसत होतं.

पंडित रागावेल असं मला वाटलं. तो हसायला लागला. "चष्मा बी लायेल शे. आन मना हात फुकट छापी टाका त्यासनी." मग गंभीर झाला. "वाढदिवस होऊ दे. मंग पाइप लई ये."

वाढदिवस झाला. आबांनी केक कापला, तलवारीनं. केकचा बहुतेक भाग आबांच्या गालाला लागला. दुसऱ्या दिवशी पंडित म्हणाला, "ललित, पाइप." ललित म्हणाला, "झुलालले सांगेल शे." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ललितनं झुलालला काहीही सांगितलं नव्हतं. तो रोज सकाळी चहा घ्यायला वच्छलाबाईकडे बसायचा आणि वर स्वतःकडे बघायचा. एकदा यावलहून नथ्थूनानांचा फोन आला, तिकडे वादळानं बागा झोपल्या म्हणून. पंडितनं फोन ठेवला आणि म्हणाला, "उद्या मी सोता काढस."

उद्या आला, पण आधी वारा आला.

दुपार कलली होती. पश्चिमेकडून आभाळ मातीच्या रंगाचं झालं. वच्छलाबाईनं बाकडी आत ओढायला सुरुवात केली. "वावधन शे रे भो, घर गाठा," ती ओरडली. चौफुली क्षणात रिकामी झाली. समोर पंडितनं शटर ओढलं. ते पूर्ण खाली येण्याआधी खालच्या फटीतून ललित बाहेर आला आणि माझ्याकडे धावला. आतून पंडितचा आवाज आला, "ललित, टेकू."

ललित सांगाड्यावर चढला. हातात पक्कड नव्हती. घाईत नेहमीसारखा तसाच निघाला होता. तो बोटांनी तार उलगडायला लागला. झुलालनं पिळलेली तार. फ्लेक्स वाऱ्यानं फुगला होता, शिडासारखा, आणि आबा आमच्या दोघांच्या तोंडावर येत होते, हात जोडून. ललितचे हात कापले. मला ते कळलं, कारण मी ओला झालो आणि पाऊस अजून आला नव्हता.

समोर शटरचं पोट आत गेलं. तिथे माझी जागा रिकामी होती. त्या जागेवर पंडित पाठ लावून उभा असणार हे मला माहीत होतं, ललितलाही माहीत होतं. शटर आत गेलं, थोडं परत आलं. कुणीतरी आतून ढकलत होतं. पुन्हा आत गेलं. मग डाव्या बाजूच्या पट्ट्या खाचेतून सुटल्या आणि शटर एखाद्या पडद्यासारखं आत उडालं. वारा आत घुसला. वरचे पत्रे उचलले गेले आणि शटरची वरची गुंडाळी, तुळईसकट, खाली आली.

ललित माझ्यावरून खाली पडला. उठला आणि पळाला. मेघा मागच्या दारानं आली होती. त्यानंतर मी काही पाहू शकलो नाही. आबा मध्ये आले.

त्या वादळात चौफुलीवरचं सगळं गेलं. वच्छलाबाईचं छप्पर गेलं, दोन झाडं गेली, विजेचा खांब वाकला. आबांच्या फ्लेक्सचा एक कोपरासुद्धा फाटला नाही.

"दखा," झुलाल दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होता, "कितलं पक्कं बांधेल व्हतं."

पंडित गेला होता. रुग्णालयात पोचायच्या आतच.

मग जे व्हायचं ते झालं. नुकसानीचा पंचनामा करायला माणसं आली. त्यांनी पत्रे लिहिले, शटर लिहिलं, एक ट्रॅक्टर लिहिला. टेकू कुठे होता ते कुणी विचारलं नाही. आबा आले, पांढऱ्या कपड्यांत. मोडक्या शटरसमोर उभे राहिले. "निसर्गापुढे कोणाचं चालत नाही," असं म्हणाले. आपल्या मागेच आपण स्वतः हसऱ्या चेहऱ्यानं, त्या घराच्या टेकूवर उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. फोटो काढणाऱ्याच्या मात्र आलं. त्यानं आबांना थोडं बाजूला सरकवलं.

आणि मग आबांनी ती गोष्ट सांगितली. ललितच्या पाठीवर हात ठेवून, दारात बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशी. "एवढ्या वादळात हा पोरगा माझा फ्लेक्स वाचवायला वर चढला. लोकांनी पाहिलंय. असा कार्यकर्ता मिळत नाही."

लोकांनी पाहिलं होतं हे खरं. दाराच्या फटीतून साऱ्या चौफुलीनं पाहिलं होतं, ललित फ्लेक्सला चिकटलेला, तारेशी झगडत. बांधतोय की सोडतोय, हे लांबून कसं कळणार?

मेघानं मान वर केली आणि दिराकडे पाहिलं. ललित खाली बघत होता. त्यानं खरं सांगावं म्हणून मी वाट पाहिली. तो सांगणार तरी काय? फ्लेक्स वाचवायला गेलो नव्हतो, टेकू आणायला गेलो होतो, असं म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, टेकू तिथे गेला कसा? त्यानं तोंड मिटून घेतलं. त्या दिवसापासून मेघा त्याच्याशी बोलेना. ताट वाढायची, समोर ठेवायची, उठून जायची. नवरा शटर धरून मेला आणि दीर आबांचा फोटो धरून होता, एवढंच तिला माहीत होतं. खरं काय ते तिघांना माहीत होतं. त्यातला एक गेला, एक बोलेना, आणि तिसरा मी, लोखंडाचा.

दहाव्याच्या आदल्या दिवशी झुलाल पुन्हा सांगाड्यावर चढला. आबांचा वाढदिवस उतरवून खाली टाकला. तोही फक्त जागा हवी होती म्हणून. आणि माझ्यावर नवा फ्लेक्स चढवला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मध्ये पंडित. त्याच्या वर आबा, हात जोडलेले, टिळा तेवढा पुसलेला. खाली शोकाकुल, रांगेत. वाढदिवसाचेच लोक, त्याच रांगा, तेच चेहरे, त्यामुळे सगळे हसत होते. शोकाकुल लोकांत पुन्हा थोडं भांडण झालं, एकाचं नाव वरच्या रांगेतून खाली आलं म्हणून.

ललित रस्ता ओलांडून आला आणि वर बघत उभा राहिला.

फोटो तोच होता, लग्नातला. दुसरा शोधायला कुणाला वेळ होता? यावेळी पंडितला ठेवून ललितला कापलं होतं. कापताना पंडितचा उजवा हातही खांद्यापासून गेला होता. आणि खाली, शोकाकुलांच्या पहिल्या रांगेत, बढती मिळालेला ललित. काळा चष्मा, उभे केस, आणि त्याच्या खांद्यावर तो हात. घड्याळासकट.

"कसा जमना?" झुलालनं वरून विचारलं. "तुले पहिली रांगमा लिधा."

ललित वळला. गॅरेजमध्ये गेला आणि पक्कड घेऊन आला. यावेळी विसरला नाही. वर चढला आणि तार कापायला लागला.

"अरे, काय करी ऱ्हायना तू? उद्या आबा येवाव शेत."

"मना पाइप शे," ललित म्हणाला.

"अरे, पन तुनाच भाऊना फ्लेक्स शे ना."

"म्हनीसन तं."

झुलाल त्याचा हात धरायला गेला. ललितच्या हातात पक्कड होती आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. झुलालला दिसलं असावं. तो खाली उतरला. वच्छलाबाईच्या दुकानातले लोक कप हातात धरून बघत राहिले. पहिल्यांदाच कुणी काही विनोद केला नाही.

ललितनं दोन्ही फ्लेक्स गुंडाळले, मला खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं.

गॅरेजला छप्पर नव्हतं. मोडकं शटर कोपऱ्यात गोळा करून ठेवलं होतं. मेघा फरशीवरची माती झाडत होती. दिराला पाहून ती आत निघाली.

"वहिनी," ललित म्हणाला, "थांबा ना जरासं."

ती थांबली. पाठमोरीच.

ललितनं माझा पाय खळग्यात ठेवला. खळगा मातीनं भरला होता, पाय बसेना. त्यानं बोटांनी माती उकरली. मग मी बसलो, माझ्या जागी. वर कडी नव्हती, तुळई नव्हती, त्यामुळे ललित मला धरून उभा राहिला.

"मी आबाना फ्लेक्स वाचाडाले नही गयथू," तो म्हणाला. "याले लेवाले गयथू. भाऊनी आवाज दिधा, टेकू. म्हनीसन गयथू. तार सुटनी नही." तो थांबला. मला त्यानं दुसऱ्या हातानंही धरलं. "आन याले तठे दिधा बी मीच व्हता. फोटोनं करता. भाऊ रोज सांगे, लई ये. मी नही लयना."

मेघा वळली. 

"हात दखाडा," ती म्हणाली.

ललितनं एक हात पुढे केला. तळव्यावर तारेचे वण होते, अजून पूर्ण न भरलेले. तिनं ते पाहिले. बांधणाऱ्याचे हात असे कापत नाहीत हे गॅरेजवाल्याच्या बायकोला कळायला वेळ लागला नाही. फ्लेक्सवरचा फोटोही तिनं पहिल्याच दिवशी पाहिला असणार. नवऱ्याचा हात बाईला ओळखू येत नाही का? पण ती यातलं काही बोलली नाही. रडलीही नाही, निदान माझ्यासमोर.

"इतला दिन काब्र नही बोलनात?"

ललित माझ्यावरची माती पुसत राहिला. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कुणी विचारत नाही.

"तुम्ही मना घरमातून याले काढा," मेघा म्हणाली. "आते तुम्हीच लावानं. रोज सांजले. मी दखसू."

तिनं माफ केलं का? मला माहीत नाही. मी पाइप आहे, माणसांच्या आत काय टिकतं आणि काय गंजतं ते मला बाहेरून कळत नाही. एवढं कळलं की त्या रात्री ताट ठेवून ती उठून गेली नाही.

नवे पत्रे यायला वेळ लागला. तोवर गॅरेजवर ते दोन फ्लेक्सच ताडपत्री म्हणून बांधले. आबा वरच्या बाजूला आले, आभाळाकडे तोंड करून. पावसाचं पाणी त्यांच्या जोडलेल्या हातांत साठायचं. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या डोक्यावर छप्पर दिलं, आणि त्याचा कुणी फोटो काढला नाही. पंडितचा फ्लेक्स ललितनं उलटा बांधला, छापील बाजू आत. काम करताना मान वर केली की पंडित दिसायचा, एका हाताचा. खाली डाव्या कोपऱ्यात तो दुसरा हात. ललित त्या कोपऱ्याखाली बसूनच इंजिन खोलायचा. चष्मा घालायचा त्यानं बंद केला.

आता पत्रे आलेत, शटर आलंय, नवी तुळई आहे आणि जुनी कडी. गॅरेज ललित चालवतो. पाना आणायला पळण्याआधी आता विचारतो, कोणता. रोज संध्याकाळी शटर ओढतो, मला उचलतो, पाय खळग्यात, डोकं कडीत, बोल्ट. आतल्या दारात मेघा उभी असते. बोल्ट बसल्याचा आवाज आला की ती आत जाते.

मध्ये झुलाल आला होता. आबांना अखेर कसलंसं पद मिळालं. फ्लेक्स फारच मोठा होता, म्हणाला. ललितनं मान खाली घातली आणि काम करत राहिला. मेघाच पुढे आली.

"दोनच दिन, वहिनी," झुलाल म्हणाला.

"आबासले सांगा," मेघा म्हणाली, "फ्लेक्स धरीसन सोता उभा ऱ्हा. पाठ लाईसन. मंग समजी वारा कितला ऱ्हास ते."

वच्छलाबाईनं शेजारून ते ऐकलं आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर सांगितलं.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. कुणाच्या घरातून काही उसनं मागायला जाल तेव्हा ती वस्तू तिथे काय धरून उभी आहे ते आधी बघा. आणि कुणाला श्रद्धांजली वाहायचीच असेल तर त्याचा हात कापू नका.

आणि एक मागणं ललितकडे आहे. ते त्याला कधी ऐकू जाणार नाही. वारा सुटला की तो जेवण सोडून गॅरेजमध्ये येतो. मी जागेवर आहे हे तो जाणतो, बोल्ट त्यानंच बसवलेला असतो. तरी येतो. माझ्या शेजारी शटरला पाठ लावून उभा राहतो, पाय रोवून, डोळे मिटून. आतून मेघा हाक मारते, "ललितभाऊ, टेकू शे ना. जेवा." तो हलत नाही. वारा पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे असतो.

जा रे ललित, जेव. मी आहे ना.